तिसरा रकाना

आधी तो रेडिओ स्कॅनर बंद कर, अर्श. या यादीतला तिसरा रकाना कशाचा, विचारलंस ना? सांगतो. पहिल्यात फ्रिक्वेन्सी, दुसऱ्यात ती कोण वापरतो, तिसऱ्यात टोन. टोन म्हणजे कुलूपकिल्ली समज. दोन्हीकडे एकच टोन असला तरच वॉकीटॉकी आवाज आत घेते. तुझा स्कॅनर असलं काही जुमानत नाही, सगळं ऐकतो. पण त्याला नुसते कान. तोंड नाही.

माझा जुना रूममेट धनंजय दुबईजवळ रास अल खैमाला एका सिमेंट प्लांटमध्ये रेडिओ टेक्निशियन होता. माणूस सोन्यासारखा, पण जेवणाची वेळ झाली की हातातलं काम कसंबसं उरकायचा. तिथे सिमेंटच्या उंच टाक्या, म्हणजे सायलो, साफ करणारा केरू होता. त्याला सही येत नव्हती. वॉकीटॉकी घेताना यादीत आपल्या ओळीपुढे अंगठा उठवायचा. त्याचा नवा सेट प्रोग्राम करताना धनंजयनं टोन चुकून खालच्या ओळीतला टाकला. टेस्टही केली नाही. "यल्ला, चल, जा," म्हणाला.

दुपारी सायलोत सिमेंटचा ढीग केरूवर कोसळला. कंट्रोल रूममध्ये चकार शब्द ऐकू आला नाही.

आपली चूक धनंजयनं फक्त मला सांगितली. केरूच्या बायकोनं, तानुबाईनं, त्याला फोनवर विचारलं होतं, "त्यांनी कुणाला हाक मारली का हो?" हा म्हणाला, "नाही वहिनी, क्षणात गेले." त्या खोट्यानं तो आतून पार पोखरला.

सोळा नोव्हेंबर दोन हजार तेवीस. गुरुवार. धनंजयची नाइट होती. साधं काम, कंट्रोल रूमच्या भिंतीवरची जुनी यादी काढून नवी लावायची. केरूच्या ओळीवर त्यानंच काट मारलेली. टेबलावर त्यानं ऑफिसमधून आणलेला स्कॅनर चालू होता.

रात्री एक वाजून दहा मिनिटांनी मला दुबईत, अल क्वोजच्या खोलीवर त्याचा फोन आला.

"विजयदादा, ऐका."

खरखर. मग...

"कंट्रोल... केरू बोलतोय... कुणी ऐकतंय का?"

हसू नकोस, मिहिका. रेकॉर्डिंग असेल, असं मीही म्हटलं. पण केरूचं कुणी कधी रेकॉर्डिंग केलंच नव्हतं.

धनंजयनं एक सेट उचलला. तोच चुकीचा टोन लावला. बटण दाबलं.

"केरू, मी ऐकतोय रे. चूक माझी होती."

थांबलो आम्ही दोघं.

"...कुणी ऐकतंय का?"

तो पुन्हा बोलला. पुन्हा. रडत. तिकडून तेच.

"माझं पोचत नाही त्याला, दादा. मी वर जातो."

"नको जाऊस."

फोन चालूच होता. पावलं... लोखंडी जिना... वारा...

मग काहीच नाही.

सकाळी तो सायलोच्या झाकणाशी बसलेला सापडला. बोट बटणावर. जिवंत. पण दोन्ही कानांनी ठार बहिरा. डॉक्टरांना कारण सापडलं नाही. आता गावी असतो. दिसेल त्याला हात जोडून म्हणतो, "तुम्हाला ऐकू येतं ना? केरूला सांगा ना, मी ऐकलं."

काय सांगायचं? कुणी सांगायचं?

त्याच्या खिशातली ती जुनी यादी माझ्याकडे आली. हीच ती, बघा. ही केरूची ओळ. ही काट, केरू गेल्यावर मारलेली. आणि काटेवर उमटलेला... हा अंगठा. सिमेंटचा.

ओलं सिमेंट रात्रीत घट्ट होतं. हो ना?

अर्श, बोट लाव.

लाव...

बघ. अजून ओलंय.