डावी पाकळी

डिचोली बसस्टँडवर माझ्या ओढणीची पिन तुटली आणि शेजारून आवाज आला, "पिन जाय गो?"

वळले. निळे केस, कोंबड्याच्या तुऱ्यासारखे उभे. एका कानात तीन बाळ्या. काळं जाकीट — त्यावर पिनाच पिना. चाळीस तरी.

"खंयची दिवूं?"

खिशावरची मागितली. का... ते विचारू नका.

नाव साईश, लाटंबार्शे गावचा. मांद्र्याला तीन मित्रांबरोबर ड्रम बडवायचा. हे सोंग कशाला, मी एकदा विचारलं. म्हणाला, गावात मी नुसता दत्तारामाचा पोर. असा फिरलो की निदान 'तो निळा' म्हणतात.

मी हसले. मग त्याच्या बोटांवरचे घट्टे पाहत राहिले.

पावसाचे दोन महिने — बसची मागची सीट, ओल्या जाकिटाचा वास.

मग घरी कळलं.

बाबा म्हणाले, देवीला विचारू. आमच्या मुळगावच्या घरात लग्न असंच ठरतं. मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवतात. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. पण त्या अवतारात तो देवळाची पायरी चढणार नाही, म्हणाले.

मीच साईशला सांगितलं. केस काप... माझ्यासाठी.

तो बराच वेळ पिना चाचपत राहिला. "तूं सांगता म्हूण."

आला. बारीक केस, पांढरा शर्ट, कान मोकळे. क्षणभर मलाच कळेना, हा कोण. भटजींनी गाऱ्हाणं घातलं. आम्ही पाकळ्यांकडे बघत. एक हलली —

डावी.

पायऱ्यांवर चपला शोधत तो म्हणाला, "देवीन वळखूंक ना माका."

मी बाबांचे पाय धरले. पुन्हा विचारा, त्याला जाकीट घालून येऊ दे. देवीपुढे उभा केला तो कोणी दुसराच होता; माझ्या साईशबद्दल तिला विचारलंच कुठे?

एकच गोष्ट देवीला दोनदा विचारत नाहीत, बाबा म्हणाले.

पुढच्या शिगम्यात, होळीच्या दिवसांत, तो बसच्या खिडकीतून दिसला. तुरा परत वाढलेला, आता लाल. पिना जागच्या जागी. खिशावर तेवढी दोन बारीक भोकं.

शेजारी नवरा तिकिटं काढत होता.

साईशची नजर माझ्यावरून सरळ पुढे गेली. काठाची साडी, हिरवा चुडा... कसं ओळखणार? मग परत आली. माझ्या पदराच्या पिनवर थांबली.

त्याचा हात खिशावर गेला. तिथेच राहिला, बस वळेपर्यंत.