गुरुवारची चाळीस सेकंदं

त्याची आणि माझी पहिली ओळख झाली ती अशी — मी त्याच्या नाकात काडी घातली.

हसू नका. दोन हजार वीसचा एप्रिल होता. अमिरातीतल्या अल ऐनमध्ये एका मोकळ्या मैदानावर पांढरा तंबू उभारून कोरोनाची तपासणी सुरू झाली होती. लोक गाडीतूनच यायचे, काच खाली करायचे, आम्ही नर्स नाकातून नमुना घ्यायचो आणि गाडी पुढं जायची. एका गाडीला चाळीस सेकंदं. माझी लेन तीन नंबरची. पायापर्यंत गाऊन, दोन मास्क, गॉगल, त्यावर प्लॅस्टिकची ढाल. सगळ्याजणी एकसारख्याच दिसायचो, म्हणून गाऊनवर काळ्या मार्करनं नाव लिहावं लागायचं. माझ्या गाऊनवर लिहिलेलं असायचं — एमान.

रमजान चालू होता. रोजा, त्यात तो गाऊन. पाठीवरून घाम नुसता वाहत होता. दुपारपर्यंत शंभरएक नाकं झाली होती आणि ‘लुक अप, लुक अप’ करून घसा सुकला होता. त्या राखाडी गाडीतल्या माणसानं मास्क खाली ओढला, आणि कसं कोण जाणे, माझ्या तोंडून निघून गेलं, “वर बघा.”

तो वर बघायचं सोडून माझ्याकडंच बघायला लागला.

“तुम्ही मराठी?”

“मान मागं टाका जरा.”

“हा ‘जरा’ रत्नागिरीकडचा आहे.”

“आणि ही काडी चीनची आहे. हलू नका.”

त्याच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. सगळ्यांच्याच येतं. पण हा पाणी पुसता पुसता हसला. “कंपनी दर आठवड्याला माझ्या नाकावर तीनशे सत्तर दिरहम घालवणार आहे. म्हणजे साडेसात हजार रुपये. इतकं किमती नाक आमच्या खानदानात कुणाचं नव्हतं.”

मी मास्कच्या आत हसले. ते त्याला दिसायचं काही कारण नव्हतं. पण तो म्हणाला, “हसलात. गॉगलवर वाफ आली.”

मागच्या गाडीनं हॉर्न दिला. कॉम्प्युटरवर नावं टाकायला आमच्या लेनला उपेंद्र होता, सोलापूरचा. तो ओरडला, “यल्ला सिस्टर, यल्ला.” म्हणजे चला, आटपा. राखाडी गाडी गेली. नावाच्या स्टिकरवर मी वाचलं — रुहान परकार.

पुढच्या गुरुवारी तो परत आला. मग त्याच्या पुढच्याही. तो इंजिनीअर होता, राहायचा अबू धाबीत, अल रीम आयलंडवर. हॉस्पिटलांच्या औषधं ठेवायच्या थंड खोल्या नीट चालताहेत की नाही हे बघायला आठवड्यातून एकदा अल ऐनला यायचा आणि परतताना तपासणी करून जायचा. हे सगळं मला एकदम नाही कळलं. चाळीस सेकंदं, त्यातली पंधरा नाकात जायची… उरलेल्या पंचवीसमध्ये माणूस किती सांगणार? एका गुरुवारी गाव, एका गुरुवारी कॉलेज. त्याचं आजोळ जांभारी, माझं गाव सैतवडे. मध्ये खाडीकडेनं पाऊण तासाची वाट.

“म्हणजे आपण शेजारी,” तो म्हणाला.

“शेजारी असतात त्यांच्या नाकात काडी घालत नाहीत.”

“हे तुम्ही आमच्या शेजाऱ्यांना बघितलं नाही म्हणून.”

लेन चार असायच्या. कुठली मिळेल ते गेटवरचा माणूस ठरवायचा. पण राखाडी गाडी दर वेळी तिसरीतच यायची. तो मागच्या दोन-तीन गाड्यांना हात करून पुढं जाऊ द्यायचा, हे मला उपेंद्रनं सांगितलं. मी म्हटलं, असेल. आणि बुधवारी संध्याकाळपासून उगाचच बरं वाटायला लागायचं.

मग मे महिन्यातला तो मंगळवार आला.

सकाळी सैतवड्याहून फोन आला. अब्बा गेले. फजरच्या नमाजाला उठले, वजू केलं, आणि ओटीवर बसले ते बसलेच. हार्ट. विमानं बंद होती. जी सुरू झाली होती त्यांत नाव लागायला आठवडे लागत होते, आणि आमच्या रजा तर मार्चमध्येच रद्द झाल्या होत्या. अब्बांना कबरस्तानात नेताना मी मोबाइलवर पाहिलं. चुलतभाऊ चालता चालता दाखवत होता, चित्र हलत होतं, मधेच नेटवर्क गेलं. परत आलं तेव्हा नुसती लाल माती दिसत होती.

दोन दिवस खोलीत बसून मी काय करणार होते? गुरुवारी ड्यूटीवर गेले.

त्यानं काच खाली केली. मास्क खाली केला नाही. माझ्याकडं बघत राहिला. मी म्हटलं, “वर बघा.”

“काय झालं?”

“काही नाही. वर बघा.”

“एमान…” नावानं हाक त्यानं पहिल्यांदाच मारली. “डोळे सुजलेत.”

तोपर्यंत मी कुणालाच सांगितलं नव्हतं. रूममेटला नाही, सुपरवायझरला नाही. सांगितलं की खरं होईल असं वाटत होतं. आणि त्या तंबूत, हातात काडी धरून, मी एका जवळजवळ अनोळखी माणसाला सांगितलं, “माझे अब्बा गेले. परवा. अम्मी एकटीच आहे घरी.”

मागून हॉर्न वाजला, उपेंद्रनं यल्ला म्हटलं. रुहाननं फक्त विचारलं, “सैतवड्यात घर कुठं?”

“मशिदीच्या खाली. होडेकरांचं. का?”

“असंच.”

गाडी गेली. मला जरा रागच आला. इतकं सांगितलं आणि हा घराचा पत्ता विचारतो.

शनिवारी अम्मीचा फोन आला. तिचा आवाज चार दिवसांत पहिल्यांदा जरा जिवंत होता. “एमान, कुणी बाई आली होती गं. जांभारीहून, चालत. अन्वरी नाव तिचं. वाडीच्या तोंडाशी पोरांनी बांबू आडवे टाकलेत ना, बाहेरच्याला आत सोडत नाहीत. तिनं भांडून भांडून ते बाजूला करायला लावले. तांदळाच्या भाकऱ्या आणल्या, सुकटीचं कालवण आणलं. माझा रोजा सुटेपर्यंत बसली. म्हणते, माझ्या बहिणीचा मुलगा गल्फमध्ये आहे, त्यानं पाठवलं.” मग म्हणाली, “कोण आहे तो?”

“माहीत नाही,” मी म्हटलं. आणि फोन ठेवून, अब्बा गेल्यापासून पहिल्यांदा, पोटभर रडले.

अन्वरी खाला, म्हणजे त्याची मावशी, मग दर दोन-तीन दिवसांनी जायला लागली. अम्मीला घास भरवून यायची. ईदच्या दिवशी तिनंच शीरखुर्मा नेला. गुरुवारी मी रुहानला म्हटलं, “मी तुमचे आभार कसे मानू…”

“आज काडी जरा कमी आत घाला.”

“ते जमणार नाही.”

“मग राहू द्या.” आणि मग हळूच, “खाला म्हणते, तुमच्या अम्मी बोलायला लागल्या.”

मला त्याला बरंच काही सांगायचं होतं. पण चाळीस सेकंदं संपली होती. त्यानं माझा नंबर कधी मागितला नाही. मीही दिला नाही. का, ते आता सांगता येत नाही. कदाचित दोघांनाही वाटत असावं, गुरुवार तर आहेच.

जूनमध्ये अबू धाबी आणि अल ऐनमधला रस्ता बंद झाला. परवाना असेल त्यालाच सोडत. रुहानकडं परवाना होता, तो येत राहिला. रस्त्यावर तो म्हणे एकटाच असायचा, दोन्ही बाजूंना वाळू आणि मधे एक राखाडी गाडी. “इतक्या लांब एकट्यानं येताना काय करता?” मी विचारलं. “बोलायचं काय ते ठरवतो,” तो म्हणाला. “आणि इथं आलो की विसरतो.”

जुलैच्या दुसऱ्या गुरुवारी तो आला नाही.

मला वाटलं, काम निघालं असेल. तिसऱ्या गुरुवारीही आला नाही. मी प्रत्येक राखाडी गाडीपाशी थांबत होते. काच खाली व्हायची आणि आत कुणी अरब आजोबा, कुणी केरळी कुटुंब. एकदा एक बाई म्हणाली, “सिस्टर, आर यू ओके?” मी म्हटलं, ओके. तंबूत पंखे घरघरत होते, बाहेर सत्तेचाळीस अंश. रोज संध्याकाळी गाऊन काढताना मनात यायचं — तो आजारी असेल. मग मनात त्याच्याही पुढचं काही यायचं, आणि मी घाईघाईनं नळ सोडून हात धुवायला लागायची.

उपेंद्रला सगळं दिसत होतं. एका दुपारी तो कॉम्प्युटरकडं बोट दाखवून म्हणाला, “सिस्टर, नंबर इथंच आहे. रिझल्टपण आहे. देऊ?”

स्क्रीन माझ्यापासून दोन हातांवर होती. नुसती मान वळवायची होती.

“नको,” मी म्हटलं. “त्यांनी तो हॉस्पिटलला दिलाय. मला नाही.”

“सिस्टर, तुम्ही पण ना…” असं म्हणून त्यानं स्क्रीन स्वतःकडं वळवली.

त्या रात्री झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी अम्मीला फोन केला. इकडचं बोलले, तिकडचं बोलले. पाणी आलं का, छपराची कौलं बदलली का. शेवटी म्हटलं, “अम्मी… त्या अन्वरी खाला आल्या, तर त्यांना जरा विचारशील? त्यांच्या भाच्याची तब्येत… बरी आहे ना.”

पलीकडं अम्मीनं सुरू असलेला नळ बंद केला. मलाही कळत होतं मी काय केलंय. आमच्याकडं मुलीनं एखाद्या मुलाची तब्येत विचारली, की पुढचं कुणाला सांगावं लागत नाही.

“विचारते,” अम्मी म्हणाली. तेवढंच.

संध्याकाळी तिचा फोन आला. “त्याला कोरोना झालाय. दोन आठवडे झाले. ऑक्सिजन लावला होता, आता काढलाय. खाला म्हणते, घरी कुणाला सांगू नको म्हणून त्यानं शपथ घातली होती. पण तू विचारलंस म्हटल्यावर तिनं सांगितलं.” मग जरा थांबून, “एमान, अगं, रडतेस कशाला? बरा आहे तो.”

त्यानंतरचे पाच गुरुवार मी कसे काढले ते विचारू नका. खालाकडून अम्मीकडं आणि अम्मीकडून माझ्याकडं बातम्या यायच्या. आज जेवला. आज चार पावलं चालला. आज घरी सोडलं. आमच्या दोघांमध्ये आता सबंध अरबी समुद्र होता. त्याचं इथलं बोलणं आधी कोकणात जायचं आणि तिथून माझ्याकडं परत यायचं. माझ्याबद्दल त्यानं काही विचारलं का, हे मात्र अम्मी सांगत नव्हती. मी विचारत नव्हते.

ऑगस्टचा शेवटचा आठवडा. लेनमध्ये गाड्यांची रांग मैदानाबाहेर गेली होती. एका राखाडी गाडीची काच खाली झाली. शर्ट दोन मापं मोठा वाटत होता, गालफडं बसली होती. मी हातातली काडी तशीच धरून उभी राहिले.

“तुम्हाला… तुम्हाला तपासणीची गरज नाही,” मी म्हटलं. “होऊन गेलाय ना? आता केली तर रिपोर्ट उगाच पॉझिटिव्ह दाखवेल.”

“माहीत आहे.”

“मग दोन तास रांगेत कशाला थांबलात? या उन्हात, आत्ताशी कुठं बरे होताय…”

“दोन तास नाही, पावणेतीन. गेटवाल्यानं एक नंबरला पाठवलं होतं, परत फिरून आलो.” त्यानं स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरलं होतं. “खालानं तुमच्या अम्मींना आपल्या दोघांचं विचारलं. अम्मी म्हणाल्या, मला काय विचारता, एमानला विचारा. म्हणून आलो.”

गॉगलमधून मला काही म्हणजे काही दिसेना.

“तुम्ही माझा चेहरासुद्धा बघितलेला नाही,” मी म्हटलं.

“बघेन. त्यात घाई काय आहे?”

मागून एक हॉर्न वाजला, मग तीन-चार. उपेंद्र या खेपेला यल्ला म्हणाला नाही.

“दोन वाजता ड्यूटी संपते,” मी म्हटलं.

दोनला मी गाऊन काढला, हात धुतले, आरशात बघितलं आणि बघायला नको होतं असं वाटलं. नाकावर मास्कचा लाल वळ, कपाळावर गॉगलची पट्टी, केस घामानं चिकटलेले. बाहेर कर्मचाऱ्यांच्या फाटकापाशी शेडखाली राखाडी गाडी होती आणि तो बाहेर, गाडीला टेकून. मी बरीच अलीकडं थांबले. आता अजून थांबले तर जमणार नाही असं वाटलं, आणि मी मास्क काढला.

तो बघत राहिला. मग त्यानं मान खाली घातली, एखादी गोष्ट फार जास्त झाल्यावर घालतो तशी.

“काय झालं?” मी विचारलं.

“काही नाही. रस्त्यानं काय बोलायचं ते ठरवून आलो होतो.”

“मग?”

“विसरलो.”

“मी नाही विसरले,” मी म्हटलं. “तुम्ही आला नाहीत त्या प्रत्येक गुरुवारी मी काय बोलणार होते, ते सगळं माझ्या लक्षात आहे. पण ते नंतर. आधी खालांना फोन लावा.”

त्यानं नंबर लावला, स्पीकर सुरू केला, फोन गाडीच्या बॉनेटवर ठेवला आणि चार पावलं मागं सरला. मी पुढं झाले. आमच्यात अजूनही अंतर होतं, त्या दिवसांत सगळ्यांमध्ये होतं तसं.

“काय म्हणाली रे पोरगी?” खालाचा आवाज आला.

“खाला, सलाम आलेकुम. मी एमान बोलतेय.” “पोरगी हो म्हणाली.”

पलीकडं खालानं काहीतरी मोठ्यानं म्हटलं, भांडं पडल्याचा आवाज आला, कुणीतरी फोन ओढून घेतला. अम्मी होती. ती जांभारीला येऊन बसली होती. अब्बा गेल्यापासून पहिल्यांदाच घराबाहेर पडली होती.

नुसता तिचा श्वास ऐकू येत होता.

“जेवलीस का?” तिनं शेवटी विचारलं.

“नाही अजून.”

“मग त्यालाही विचार की. तोही आजारातून उठलाय.”

मी मागं वळून त्याच्याकडं बघितलं.

“जेवलास?” मी विचारलं.

त्यानं मान हलवली. नाही.