राणीच्या दालनातली खुर्ची

राजवाड्यात आता आधुनिक वस्तूंचं संग्रहालय होतं. राणीच्या दालनात राणीचं काहीच उरलं नव्हतं. पलंग, आरसे केव्हाच लिलावात गेले होते. तिथे होते दिवे, टेलिफोन आणि मधोमध आरपार दिसणारी प्लास्टिकची एक खुर्ची.

तिच्यावर सारखी वाफ धरते, अशी तक्रार होती. म्हणून सुट्टीच्या दिवशी दुपारी दुरुस्ती विभागातली बाई खुर्ची न्यायला आली. बैठकीवर आणि पाठीवर खरंच वाफ होती, ऊबदार अंगाचं कुणी नुकतंच उठून गेल्यासारखी. तिने ती पुसली. कापडाची घडी घालेपर्यंत वाफ पुन्हा धरली. ओल्या रेशमाचा वास येत होता.

दालनाची राखणदारीण उंबऱ्याबाहेरच थांबली होती. शेवटची राणी म्हणे आजारी राजाच्या उशाशी महिनोन्‌महिने उभी होती. राजासमोर बसायची रीत नव्हती. तो गेला, तरी तिला कुणी बस म्हटलं नाही; आणि ती उभी, म्हणून तिच्या मागचा सगळा लवाजमाही उभाच.

"इथेच राहू द्या, ताई," राखणदारीण हळूच म्हणाली. "खुर्ची हलवली की त्या उठतात... मग कुणाच्या तरी मागे जाऊन उभ्या राहतात."

बाईने ऐकून घेतलं, पण काम ते काम. खुर्ची उचलताना अंगावर येईल इतकी जड लागली आणि मग एकदम हलकी झाली. खाली नेल्यावर वाफ पुन्हा धरली नाही. चला, एक काम हातावेगळं झालं, असं तिला वाटलं.

संध्याकाळी इमारतीचं दार शेजाऱ्याने तिच्यासाठी उघडलं. ती आत आली, जिना चढू लागली, तरी तो दार धरून उभाच होता.

घरी सासरे चहा घेत होते. माणूस मितभाषी, डोकं शाबूत. त्यांनी कप खाली ठेवला.

"सूनबाई, पाहुण्यांना बसायला सांग की. किती वेळ उभं ठेवणार?"

मागे वळून पाहायचा तिला धीर होईना. तिने चाचपडत लाकडी खुर्ची पुढे ओढली.

"बसा..."

खुर्ची करकरली. एक दीर्घ निःश्वास खोलीभर पसरला. सासऱ्यांनी समाधानाने मान डोलावली.

मग ते उघड्या दाराकडे बघत राहिले.

"आणि त्यांच्या मागे आलेत, त्यांचं काय?... पार खालपर्यंत जिना भरलाय."