डाव्या पायाची चप्पल

राजाने राणीच्या आठवणीत बांधलेली ती पांढरीशुभ्र वास्तू बघायला चप्पलवाला एकदाचा आला, तोही दुसऱ्या बायकोला घेऊन. पहिलीला त्याने "पुढच्या वर्षी नक्की" म्हणत जन्मभर झुलवलं होतं. एकदा ती फारच रडकुंडीला आली, तेव्हा या सहलीसाठी म्हणून खास चपला शिवून दिल्या आणि वेळ मारून नेली. तिचा डावा पाय लहानपणी मोडलेला, म्हणून डावीचा पट्टा बोटभर आखूड. चपला खोक्यातच राहिल्या आणि ती गेली.

आज त्याच चपला दुसरीच्या पायात होत्या. कोऱ्या म्हणून खपवल्या होत्या त्याने. चांगलं कातडं टाकून द्यायचं जिवावर आलं, दुसरं काय!

"अहो, डावी चावतेय."

"नवी आहे. होईल सैल," तो तिच्याकडे न बघता म्हणाला.

चपला दाराशी राखणदार बाईकडे ठेवून अनवाणीच आत जायचं होतं. आत गारवा होता. एकही फूल दिसत नसताना सुकल्या फुलांचा वास येत होता. तेवढ्यात त्याला मागून चपलांचा आवाज आला. एक पाऊल नीट, एक फरफटत... तो वळला. मागे कोणीच नव्हतं. त्याला स्वतःची इतकी लाज वाटली, की राणीच्या थडग्यापुढे मान वर करवेना.

"चल, निघू या."

बाहेर राखणदार बाईने जोड पुढे सरकवले. दुसरी म्हणाली, "या माझ्या नव्हेत. माझ्या कोऱ्या करकरीत होत्या."

"तुमच्याच आहेत, ताई. तुमच्या मागोमाग एक बाई आल्या. माझ्या मापाच्या आहेत म्हणाल्या... मी नको नको म्हणेपर्यंत पायात घालून आत गेल्यासुद्धा. आत्ताच आणून ठेवल्या."

त्याने चपला उचलल्या. टाके त्याच्याच हातचे. पण तळ झिजून कागदासारखे झाले होते, डावीचा तर एका बाजूने जास्तच. वर्षानुवर्षं चालल्याशिवाय कातडं असं झिजत नाही, हे त्याला कोणी सांगायला नको होतं. आतून दोन्ही उबदार लागत होत्या.

"नको घालूस..." तो पुटपुटला.

"मग काय अनवाणी येऊ घरी?" तिने हसत पाय सरकवले. "अगंबाई! आता कशा छान बसल्या!"

ती पुढे चालू लागली. डावा पाय किंचित फरफटत होता. पहिलीला दिलेल्या वायद्याबद्दल त्याने हिला कधी चकार शब्द सांगितला नव्हता.

चार पावलांवर ती थांबली, वळली.

"परत एकदा आत जाऊ या ना," ती हळूच म्हणाली. "आणि आता पुढच्या वर्षी म्हणू नका हं..."