सतरा, सतरा, सोळा

एकही चित्र चुकू नये म्हणून शाल्मलीने जो चष्मा सतत जागा ठेवला, त्यानेच घरातली सगळ्यात मोठी भेट चुकवली. असं कसं झालं, हे कोडं डोक्यात घेऊन ती तीन दिवस फिरत होती. आबांना विचारायची हिंमत होत नव्हती, कारण चुकलेली भेट आबांचीच होती.

रेवतीआत्या म्हणजे आबांची मुलगी, गुरूच्या चंद्रांकडे निघालेल्या यानातली शास्त्रज्ञ. तिला जन्मापासून ऐकू येत नाही. ती हातांच्या खुणांनी बोलते. रविवारी चार वाजता यान आपल्या चंद्राजवळचा तळ सोडणार होतं. त्यानंतर अंतर इतकं वाढणार, की इकडचं बोलणं तिकडे पोचायलाच मिनिटं लागणार. मग समोरासमोर भेट थेट सहा वर्षांनी. घरात मिश्रवास्तव चष्मा (दूरचं माणूस आपल्याच खोलीत उभं आहे असं दाखवणारा) एकच. आधी शाल्मली बोलेल, मग आबा, असं ठरलं.

आत्या स्वयंपाकघरात उभी राहिली खरी, पण तिची बोटं मध्येच अडखळायची. खुणांच्या भाषेत एक बोट गळलं की वाक्य गेलंच. शाल्मलीने चष्म्याच्या सेटिंगमधली ‘झोप’ बंद करून टाकली. चित्र एकदम लख्ख झालं! मग काय, गप्पांना ऊत आला. “आबा, आत्ता देते हं!” असं तीनदा म्हणून झालं, आणि चारला सात मिनिटं असताना चष्मा विझला. चार्जिंगला लावला, पण पुन्हा सुरू होण्याइतका जीव त्याच्यात यायला पाऊण तास लागायचा. आबा हात मांडीवर ठेवून बसून राहिले. रागावले असते तर बरं झालं असतं, असं शाल्मलीला वाटलं.

बुधवारी जेवताना तिला राहवलं नाही. “आबा, माझ्यामुळे झालं ना?”

“अर्धं तुझ्यामुळे,” आबा म्हणाले. खोटा धीर देणाऱ्यांतले ते नव्हते. “अर्धं माझ्यामुळे. त्या चष्म्याच्या झोपेचा प्रोग्रॅम नोकरीत असताना मीच लिहिला होता. ऐक. चष्म्यात एक ग्राहक असतो (टॉवरकडून येणाऱ्या लहरी पकडणारा भाग). चित्र घ्यायला त्याला शक्ती लागते, तशी नुसती वाट बघायलाही लागते. आणि चित्रं सलग येत नाहीत, सेकंदाला साठ येतात.”

“म्हणजे मधल्या वेळात तो उगाच कान टवकारून बसतो?”

“हो. पाणी येईपर्यंत कोणी नळाखाली बसून राहतं का? चित्र यायच्या वेळी उठायचं, ते मिळालं की डुलकी काढायची. तू ती डुलकीच बंद केलीस.”

“पण झोप चालू होती तेव्हा आत्याची बोटं का गळत होती?”

आबांनी आपला वाचायचा चष्मा पुसला. पुसण्यासारखं त्यावर काही नव्हतं.

“ती माझी चूक. दोन चित्रांमध्ये सोळा पूर्णांक दोन तृतीयांश मिलिसेकंद जातात (मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग). पण झोपेच्या घड्याळाला पूर्ण आकडेच कळतात. मी सोळा लिहिले. म्हटलं, एवढ्याशाने काय आभाळ कोसळतंय? पण ती चूक साठत जाते. तीन चित्रांनंतर चष्मा दोन मिलिसेकंद आधी उठतो, बारा चित्रांनंतर आठ. तो उठतो तेव्हा चित्र आलेलं नसतं, आणि चित्र येतं तेव्हा हा घोरत असतो.”

“मग सतरा लिहायचे.”

“मग उशीर साठतो.”

शाल्मलीचा घास हातातच राहिला. आबांच्या डोक्यामागे भिंतीवर आईने खडूने लिहिलं होतं : १७, १७, १६. वसाहतीच्या नळाला दर सोळा तास चाळीस मिनिटांनी तासभर पाणी येतं. आणि आईच्या जुन्या टायमरला फक्त पूर्ण तासांच्या खाचा.

“आई, हे असं का लिहिलंयस?” तिने पोळ्या वाढणाऱ्या आईला विचारलं.

“अगं, दर वेळी सोळा लावलं तर पाण्याच्या आधीच जाऊन बसावं लागतं, आणि दर वेळी आणखी आधी. सतराच लावलं तर तिसऱ्या खेपेला पाणी गेलेलं असतं. दोनदा सतरा, एकदा सोळा, की झाले पन्नास तास. तीनदा पाणी यायलाही पन्नासच लागतात. मध्ये जरा उशीर होतो, पण तो साठत नाही.”

आबा मान वळवून त्या आकड्यांकडे कितीतरी वेळ बघत राहिले. “काखेत कळसा नि गावाला वळसा,” ते हळूच म्हणाले. “अकरा वर्षं मी इथेच जेवतोय.”

संध्याकाळपर्यंत त्यांनी चष्म्यात सतरा, सतरा, सोळा बसवलं. टॉवरवरून येणाऱ्या चाचणीच्या चित्रात एक हात बोटं मोजत होता. शाल्मली दोन तास बघत बसली. एकही बोट गळलं नाही, आणि बॅटरी निम्मीसुद्धा उतरली नाही. ती टाळ्या वाजवत उठली, आणि आबांचा चेहरा पाहून पुन्हा खाली बसली.

“आबा, तुम्ही आत्याला काय सांगणार होतात?”

“ती लहान होती तेव्हा मी सदा कामात. खुणा तुझी आजी शिकली, मी नाही. म्हटलं, निघताना एक वाक्य तरी तिच्या भाषेत बोलावं. दोन महिने आरशासमोर सराव केला.” आबांनी हात उचलले आणि ते वाक्य केलं. शाल्मलीने वाचलं : तुझी भाषा शिकायला मला उशीर झाला.

तिचे डोळे भरून आले. “आपण चित्रफीत पाठवू ना, आबा.”

“पाठवू. पण ती दुधाची तहान ताकावर. वाचताना तिचा चेहरा कसा होतो, ते मला बघायचं होतं.”

सहा वर्षांनी आबा ऐंशीचे होतील, हे दोघांनाही ठाऊक होतं. ती त्यांच्या शेजारी बसली, त्यांचा उजवा हात हातात घेतला आणि अंगठा जरा आत वळवला.

“‘उशीर’ची खूण अशी असते, आबा. रोज एक वाक्य शिकवते मी तुम्हाला.”

“फार उशीर झालाय गं.”

“झालाय,” ती म्हणाली. “पण आता साठू द्यायचा नाही.”

आबांनी मान डोलावली, आणि अंगठा आत घेऊन ती खूण पुन्हा केली.