उखर्डूची घागर

लाइट गेलीच आहे, तर सरका जवळ. मी छगन वायरमन, पत्त्यांत खोटं बोलत असेन, ह्या गोष्टीत नाही. लोटनभाऊनं स्वतः मला सांगितलेली आहे. आणि शेवटचं तर मी ह्याच डोळ्यांनी पाहिलंय.

बोदवडपासून कोसभरावर एका जिनिंगवाल्या शेठचा मळा होता. मोसंबीची मोठी बाग, मधोमध कौलारू बंगला. बाग उभी केली ती उखर्डू माळ्यानं. धुळ्याकडचा माणूस, बायको ना पोर. विहिरीशेजारच्या खोलीत राहिला आणि तिथंच गेला. पाणी वाया गेलेलं त्याला खपायचं नाही. नुसते हात धुतले तरी खाली बसून बोटांनी माती ओढायचा, ओल्याभोवती आळं करायचा. लोक हसायचे त्याला.

आता अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आपल्याकडे काय करतात, ठाऊक आहे ना? गेलेल्या माणसाच्या नावानं कोरी घागर भरायची, वर खरबूज ठेवायचं, त्याला जेवायला बोलवायचं. उखर्डूची घागर शेठाणी भरायची. तिचं म्हणणं, त्याचं रक्ताचं कोणी नाही, पण ही बाग त्याच्याच हातची, तेव्हा घर त्याचंच. ती म्हातारी होत गेली तशी घागर उचलून उखर्डूच्या खोलीच्या उंबऱ्याशी ठेवायचं काम रखवालदाराकडे आलं. तो आमचा लोटनभाऊ.

लोटनही धुळ्याकडचाच. त्याची सुगंधाबाई लवकर गेली, मूल झालं नाही. मला एकदा म्हणाला होता, छगन, उखर्डूला शेठाणी तरी आहे, माझी घागर कोण भरणार? मी विडी पुढे केली.

शेठाणी गेली. नातवंडं पुण्या-मुंबईची. त्यांनी बंगल्याला रंग फासला, पाटी लावली, 'सावली हॉलिडे होम'. आणि सावली देणारी अर्धी झाडं तोडून मोटारी लावायला जागा केली. नाव सोनूबाई नि हाती कथलाचा वाळा. उखर्डूच्या खोलीत पलंग आला, पंखा आला. पंखा मीच बसवला. मॅनेजरनं लोटनला बजावलं, पाहुणे घाबरतात, इथे मेलेल्यांचं काही करायचं नाही. दोन अखाज्या कोरड्या गेल्या.

मग आली त्र्याण्णव सालची. अखाजीची आदली संध्याकाळ. पाहुण्यांना माठातलं पाणी आवडतं म्हणून मॅनेजरनं लोटनला बोदवडच्या बाजारात घागर आणायला धाडलं, सोबत खरबुजंही सांगितली. लोटननं सायकलवर आणली. पण पाहुण्यांची गाडी धुळ्याजवळ बंद पडली, ते सकाळी येणार असा फोन आला. मॅनेजर गावात पत्ते कुटायला गेला. बंगल्यावर एकटा लोटन.

त्यानं घागर धुतली, भरली. पाहुण्यांसाठीच भरली हो, मनात दुसरं काही नव्हतं. सवयीनं नेऊन ठेवली ती विहिरीशेजारच्या खोलीच्या उंबऱ्याशी. हातात खरबूज होतं. तेही सवयीनं वर ठेवलं... आणि भाकरी थापायला गेला.

दुजेची कोर केव्हाच बुडाली होती. लाइट गेली. लांब गावात झोक्यावर माहेरवाशिणींची गाणी चालली होती, तीही थांबली. लोटन भाकरी-चटणी घेऊन त्या खोलीसमोर अंगणात बसला आणि उंबऱ्याशी कोणीतरी खाकरलं.

अंधारात एक माणूस उकिडवा बसलेला. लोटननं विचारलं,

"कोन शे?"

"भूक लागनी, भाऊ."

धुळ्याकडची अहिराणी, त्याची आपली बोली. बोदवडच्या मुलखात कित्येक वर्षांनी ऐकलेली. लोटनला इतकं बरं वाटलं, की भीती सुचलीच नाही. कोणी वाटसरू असेल. त्यानं ताट पुढे सरकवलं. माणूस जेवू लागला. खाली मान घालून. चावल्याचा आवाज नाही. मग लोटनची नजर घागरीवर गेली. वरच्या खरबुजावर. उंबऱ्यावर...

आपण काय करून बसलो, ते तेव्हा त्याच्या ध्यानात आलं.

उठून पळावं, तर बोलावलेल्या माणसाला ताटावरून टाकून कसं जायचं? लोटन बसून राहिला. माणसानं घागर कलती करून हात धुतले. खाली वाकला. बोटांनी माती ओढली. सावकाश. घागरीच्या भोवतीनं...

मग विचारलं, "तुले कोनी शे का?"

"नही. मी एकलाच शे."

तो उठला. विहिरीच्या बाजूला गेला. पावलं वाजली नाहीत.

सकाळी लोटनला ताप. पाहुणे आले, चहा पिऊन फोटो काढत हिंडले. त्यानंतर दर अखाजीला लोटननं उखर्डूची घागर भरली, मॅनेजरच्या नाकावर टिच्चून.

पुढे धंदा बसला. पाटी गंजली, विहीर बुजवली. शहाण्णवच्या थंडीत लोटनभाऊ मळ्यावरच्या आपल्या खोलीत एकटाच गेला. मी आणि गावातले चौघे, आम्ही त्याला पोचवला. खोलीला कुलूप मी लावलं. किल्ली माझ्याकडे.

मग अखाजी आली. आदल्या रात्री मला आठवण झाली, लोटनभाऊची घागर कोण भरणार? माझ्या घरी माझ्या बापाची भरायची होतीच, एक जास्तीची घेतली आणि उजाडता उजाडता सायकल काढली. फाटक बंद होतं. चढून आत गेलो. सगळीकडे धूळ, माणसाचं पाऊल नाही.

लोटनच्या खोलीपुढे कोरी घागर होती. काठोकाठ भरलेली. वर खरबूज.

मी माझी घागर तिच्याशेजारी ठेवली. ठेवायला वाकलो, तेव्हा दिसलं...

घागरीभोवती आळं केलेलं होतं. माती ओली होती. बोटं उमटलेली होती.