सुजेचा वाण

दार लोटून घ्या आणि असे जवळ सरका. हे आपल्या गल्लीतल्या दिलीपमास्तरांच्या प्रणालीसोबत घडलेलं आहे. ती जनावरांची डॉक्टर. तिनं स्वतः मला सांगितलं, आणि त्या पोरीला वाढवून बोलायची सवय नाही. घटवूनही नाही. त्याच्यापायीच तर सगळं झालं.

मागच्या डिसेंबरची बारा तारीख, शुक्रवार. अष्टमी सरून नवमी लागलेली. चंद्र निघायला अर्धी रात्र व्हायची होती. प्रणाली पांढुर्ण्याहून संध्याकाळच्या बसनं सौंसरला उतरली, तिथं ठेवलेली स्कूटी काढली आणि जामसांवलीच्या रस्त्याला लागली. काम साधंच होतं. रस्त्यापासून आत, संत्र्याच्या बगीच्यात एका संस्थेचं सशांचं शेड होतं. तिथल्या सहा पिल्लांच्या अंगावरची सूज नऊ वाजता मोजायची आणि आकडे लिहायचे.

आता सूज कशाची, ते ऐका. सशांना गाठी आणणारा एक विषाणू असतो, देवीच्या रोगाच्या कुळातला. कपाशीत जसे वाण असतात तसे त्याच्यातही असतात. एका वाणानं कातडीखाली टणक गाठ धरते. दुसऱ्यानं नुसती सूज येते आणि उतरून जाते. दोन्ही वाण टोचून पाहायचे, कोणता किती वाढतो ते मोजायचं, असं हे काम डॉक्टर उमाठ्यांनी सुरू केलं होतं. त्यांचं म्हणणं, सुजेचा वाण गरीब आहे, त्याचीच लस केली की ससा गाठीपासून वाचतो. सोळा वर्षं त्यांनी त्यात घातली. रोज रात्री नऊला स्वतः यायचे. कडी काढायचे, सशाच्या अंगावर फुंकर मारायचे, केस फाकले की मोजायचे. प्रणालीला त्यांनीच शिकवलं. दसऱ्याच्या आठवड्यात झोपेतच गेले.

ते गेल्यावर प्रणालीनं एक गोष्ट केली, जी त्यांनी कधी केली नव्हती. सुजेचा वाण दोन दिवसांच्या पिल्लांना टोचून पाहिला. आठ पिल्लं होती. सूज उतरली नाही. तिच्याच गाठी झाल्या. दोन पिल्लं मेली. आणि नव्या वर्षात हीच लस लोधीखेड्याकडच्या ससे पाळणाऱ्या घरांत जायची होती.

त्या शुक्रवारी दुपारीच संस्थेच्या नव्या मुख्य साहेबांचा फोन आला होता.

"उमाठे सरांनी शेकडो ससे पाहिले. तू आठ पिल्लांवरून त्यांना खोटं पाडून राहिली का? ते पिल्लांचं पान काढून टाक. उद्या अहवाल जायचा आहे."

"पान राहील, सर," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

शेडच्या दारात देवकाबाई उभी होती. पिंजरे झाडायचं काम तिचं, राहायची बगीच्यातल्याच खोलीत. लोधीखेड्याकडं तिचं घर, तिथंही ससे होते.

"मॅडम, आज नका थांबू," देवकाबाई म्हणाली. "कालबी कोणीतरी येऊन गेलं. सकाळी पाह्यलं तं सगळ्या सशाइचे केस फाकलेले. कड्या मात्र लागलेल्या."

"मांजर आलं असन, मावशी."

"मांजर फुंकर मारते का?"

प्रणालीनं चपला दाराशी काढल्या. मग म्हणाली, "जो येऊन राहिला त्याले येऊ द्या. माझं काम झाल्याबिगर मी जात नाही."

तिनं मोबाइल बाहेर ठेवला, तसा नियमच होता. जाळीची दोन दारं ओलांडून आत गेली. भिंतीला ओळीनं बारा पिंजरे, त्यांच्यापुढं टेबल, टेबलावर पिल्लांची पेटी. पिल्लांचे डोळे नुकतेच उघडत होते. तिनं एकेक हातात घेऊन मोजलं. सहावा आकडा लिहिला आणि लाइट गेली. नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती.

ससा घाबरला की मागचा पाय आपटतो. आधी एकानं आपटला. धप्. मग दुसऱ्यानं. मग सगळ्यांनी, पत्रे वाजायला लागेपर्यंत...

आणि सगळे एकदम थांबले.

पहिल्या पिंजऱ्याची कडी सरकली.

फू...

कडी लागली.

दुसरी कडी. फू... लागली.

दिसत काहीच नव्हतं. पाऊल वाजत नव्हतं. फक्त कडी, आणि फुंकर. घाई नाही. रोजचं काम असल्यासारखं. तिसरा... चौथा... प्रणाली मनात मोजत होती. दार मागंच होतं. तिला जाता आलं असतं.

दहावा. अकरावा. बारावा.

यानंतर पिल्लांची पेटी.

तिनं पेटी पोटाशी ओढली आणि उजवा हात तिच्यावर आडवा धरला. हाताच्या पाठीवर फुंकर आली. गार. विहिरीतल्यासारखी.

"सर," ती म्हणाली.

...

"ही पिल्लं तुम्हाला मोजायची नाहीत. तुम्हाला ती नकोच आहेत."

...

टेबलावर वहीचं पान फडफडलं. वारा नव्हता. तिनं डावा हात पानावर दाबला. पान खालून ओढ घेत राहिलं.

"फाडा," ती म्हणाली. "मला पाठ आहेत. पहिलं, अकरा मिलिमीटर."

फू...

"दुसरं, नऊ. तिसरं, चौदा."

फुंकर थांबेना. बोटं बधिर झाली. हात तिनं हलवला नाही.

"चौथं, दहा." तिनं पुन्हा म्हटलं, "चौथं, दहा. पाचवं, बारा. सहावं..."

...

"सहावं, सोळा. जे दिसलं ते लिहायचं, हे तुम्हीच शिकवलं. मी लिहिलं. आता तुम्ही जा."

शांत.

फार वेळ शांत...

मग कोपऱ्यात एक ससा चारा चावायला लागला. दुसराही लागला. नऊ पस्तीसला लाइट आली. बाराही कड्या लागलेल्या होत्या. प्रणाली उठली नाही. सकाळपर्यंत तिथंच बसून तिनं अहवाल पुरा केला आणि पिल्लांच्या पानासकट थेट वरच्या कचेरीत पाठवला.

मुख्य साहेबांनी तिला कामावरून काढलं. पण पान वर पोचलं होतं. दुसरीकडं पिल्लांवर पुन्हा तपासणी झाली, तेच निघालं, आणि लस थांबली. ती सहा पिल्लं वाचली नाहीत. फेब्रुवारीत देवकाबाईच्या सशीला पाच झाली, पाचही धडधाकट. सौंसरात प्रणालीनं आता स्वतःचा दवाखाना टाकला आहे, लोक जनावरं घेऊन येतात.

एक सांगायचं राहिलं. त्या सकाळी बाहेरच्या नळावर हात धुताना तिला उजव्या हाताच्या पाठीवर रुपयाएवढा एक गोल दिसला. टोचण्याआधी सशाच्या अंगावरचे केस भादरून घेतात, अगदी तसा. काठ रेखीव, ओरखडा एक नाही. ती तो झाकत नाही. विचारलं तर हात पुढं करते. मीही पाहिला आहे. एवढे महिने झाले, त्या गोलात अजून लव उगवलेली नाही.